टाक्या रिकाम्या केल्या, डास रानात होता: शिराळा तालुक्यातली जपानी मेंदूज्वराची एक केस

रॅपिड कार्डवर डेंग्यूची एक पुसट रेघ आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या टाक्या रिकाम्या करायला सुरुवात झाली, ह्या केसमधला सगळा घोळ त्या एका रेघेपासनं सुरू होतो. पेशंट शिराळा तालुक्यातल्या वारणाकाठच्या गावचा, वय ४३, शेतकरी, ऊस थोडा, भात थोडा, कडेच्या तुकड्यात भुईमूग, दारात दोन म्हशी आणि एक गाय. गावाचं नाव मुद्दाम देत नाही आणि घरच्यांची ओळख पटू नये म्हणून एक-दोन तपशील इकडचे तिकडे केलेत. मी तालुक्यात साथरोगाचं काम बघतो, त्यामुळं ही केस वॉर्डात कमी आणि बांधावर जास्त बघितली, तेव्हा लिहिण्यात पण तोच कल दिसेल.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात मंगळवारी ताप आला. डोकं गच्च, दोन उलट्या, अंगात कसकस. गावातल्या डॉक्टरांनी सुई मारली, पॅरासिटॅमॉल दिलं, व्हायरल आहे म्हणाले, आणि खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी कुणीही तेच म्हटलं असतं कारण त्या आठवड्यात निम्मं गाव खोकत होतं. बुधवारी हा गडी गोळी घेऊन वैरण आणायला पण गेला. गुरुवारी ताप उतरेना म्हणून रक्त काढलं, प्लेटलेट १ लाख १५ हजार, डेंग्यूच्या कार्डवर एनएस१, म्हणजे विषाणूचं स्वतःचं प्रथिन, निगेटिव्ह आणि आयजीएम, म्हणजे नव्या संसर्गात शरीर बनवतं ती प्रतिपिंडं, त्याच्या जागी नीट उजेडात धरून बघावी लागेल अशी पुसट रेघ. लॅबनं पॉझिटिव्ह लिहून दिलं. झालं, घरात, गल्लीत, ग्रामपंचायतीत सगळीकडं डेंग्यू.

त्याच रात्री त्यानं गोठ्यात जाऊन म्हशीला बांधायचं म्हणून दावं घेतलं आणि म्हैस राहिली बाजूला, मोकळ्या खुंट्याभोवतीच दावं गुंडाळत बसला. बायकोनं हाक मारली तर वर बघितलं, पण काय म्हणतीय ते कळल्यासारखं दिसेना. चुलतभाऊ आला, त्याला ओळखलं नाही. कुणीतरी म्हटलं प्लेटलेट कमी झाल्या की भ्रम होतो, कुणी म्हटलं ताप डोक्यात गेलाय, म्हाताऱ्या आईनं अंगारा लावला, आणि ह्या सगळ्यात रात्र गेली. डेंग्यूचा शिक्का नसता तर घरचे रात्रीच निघाले असते असं मला वाटतं, कारण डेंग्यू म्हणजे पपईच्या पानाचा रस आणि सलाईन एवढंच लोकांच्या डोक्यात बसलंय. पहाटे साडेचारला झटका आला. दातखिळी, डोळे वर, सगळं अंग ताठ. जीपमध्ये घालून मिरजेला नेलं. इकडं गावात दिवस उजाडल्यावर बॅरल पालथे घालायचं काम सुरू झालं.

मिरजेला दाखल झाला तेव्हा तापाचा चौथा दिवस. आमच्या भाषेत ही एईएसची, म्हणजे ॲक्यूट एन्सेफलायटिस सिंड्रोमची केस, म्हणजे अचानक ताप, त्यासोबत शुद्ध हरपणं किंवा वागण्या-बोलण्यात फरक, किंवा नव्यानं झटके. वय कुठलंही, महिना कुठलाही. एईएस हे आजाराचं नाव नाही, ही लक्षणांची मोट आहे आणि तिच्यात बरंच काही येतं: नागिणीच्या कुळातल्या हर्पीस विषाणूचा मेंदूज्वर, मेंदूचा मलेरिया, टीबी, बॅक्टेरियाचा मेनिंजायटिस, स्क्रब टायफस, कधीकधी लेप्टो पण. त्यामुळं डॉक्टरांनी जे करायला पाहिजे होतं ते केलं, कारण सापडेपर्यंत ज्याच्यावर औषध आहे त्या सगळ्यांवर औषध सुरू केलं. सेफ्ट्रियाक्सोन, असायक्लोव्हिर, डॉक्सिसायक्लिन, झटक्यांसाठी लेव्हेटिरासेटाम, डोक्यातली सूज उतरायला मॅनिटॉल. बाहेरून बघणाऱ्याला हा औषधांचा मारा वाटतो, नातेवाईक पण विचारत होते की नक्की काय झालंय ते माहीत नसताना एवढं कशाला, पण हर्पीस असेल आणि असायक्लोव्हिरला दोन दिवस उशीर झाला तर ते नुकसान भरून येत नाही.

सीटी स्कॅन साधा निघाला. पाठीच्या मणक्यातलं पाणी काढलं, त्यात ६२ पेशी, बहुतेक लिम्फोसाइट, प्रोटीन थोडं वाढलेलं, साखर नॉर्मल. म्हणजे पू नाही, विषाणूकडं झुकणारं चित्र. मणक्यातलं पाणी काढतात म्हटल्यावर वडिलांनी सही करायला तासभर घेतला, "पोरगं लुळं पडंल" ह्या भीतीनं. ही भीती आपल्याकडं इतकी घट्ट आहे की कितीतरी केसेसचं निदान तिथंच अडकतं.

वळण लागलं ते एका ज्युनिअर डॉक्टरच्या प्रश्नामुळं. ही मुलगी भंडाऱ्याकडची, तिकडं भाताचा पट्टा आणि हा आजार माहितीतला. बाकीचे सगळे विचारत होते की घरात कुणाला ताप आहे का, घराजवळ पाणी साचतं का, कूलर आहे का. तिनं विचारलं, "गेले पंधरा दिवस हे रात्री झोपायला कुठं होते?"

बायको म्हणाली, "घरात कुठलं ओ मॅडम, घटं बसायच्या आधीपासनं राखणीला माळ्यावरच हायती. डुकरं भुईमूग ठेवंनात झाल्यात."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, चांदोलीच्या जंगलाच्या अंगाला रानडुकरांचा त्रास असा आहे की पीक दाण्यात आलं की एक माणूस रात्रभर रानात पाहिजेच. चार वासे रोवून वर फळ्या टाकतात, पालापाचोळ्याचं नाहीतर ताडपत्रीचं छप्पर, त्यावर बॅटरी आणि पत्र्याचा डबा घेऊन झोपायचं, खसफस झाली की डबा बडवायचा. ह्या गड्याचा माळा भाताच्या खाचराच्या अगदी कडेला. शिवाय त्या आठवड्यात पावसानं उघडीप दिलेली आणि शेतीची लाईट रात्रीच्या पाळीत, म्हणजे मधेच उठून उसाला दारं धरायला पण हाच. हाफ बनियन, गुडघ्यापर्यंत वर खोचलेली पँट. संध्याकाळी सातपासनं पहाटेपर्यंत.

त्या उत्तरानंतर जपानी मेंदूज्वराची म्हणजे जेईची तपासणी पाठवली. चौथ्या दिवसाच्या पाण्यात आयजीएम धड पॉझिटिव्ह नाही धड निगेटिव्ह नाही असं आलं. सहाव्या दिवशी एमआरआय झाला, त्यात मेंदूच्या खोल भागातले दोन्ही थॅलॅमस पांढरे चमकत होते. हर्पीस बहुतेक वेळा कानशिलाकडच्या भागाला धरतो, जेईला थॅलॅमस आवडतो. दहाव्या दिवशी परत नमुना घेतला आणि मणक्यातलं पाणी व रक्त दोन्ही ठिकाणी जेईचं आयजीएम स्पष्ट पॉझिटिव्ह. ह्या तपासणीचं किट पुण्याच्या एनआयव्हीत, म्हणजे राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत बनतं आणि तिथनं देशभरातल्या ठरलेल्या लॅबना जातं. पहिला नमुना लवकर घेतला की असं होतं, प्रतिपिंडं तयार व्हायला दिवस लागतात, म्हणून लक्षणं जुळत असतील तर एका निगेटिव्ह रिपोर्टवर जेई नाही असं लिहून फाईल बंद करायची नसते.

मग ती डेंग्यूची रेघ कुठून आली? जेई, डेंग्यू, झिका, वेस्ट नाईल, पीतज्वर हे सगळे फ्लॅव्हिव्हायरस, एकाच भावकीतले. शरीरानं जेईच्या विरोधात बनवलेली प्रतिपिंडं डेंग्यूच्या कार्डला चुलतभावासारखी दिसतात आणि कार्ड पुसट का होईना पण रेघ मारतं. त्यामुळं तापाच्या पेशंटमध्ये आयजीएमची फिकट रेघ, एनएस१ निगेटिव्ह आणि माणूस बरळतोय, असं एकत्र दिसलं की त्या कार्डावर विसंबायचं नाही. लॅबवाल्याला मी दोष देत नाही, त्यानं रेघ दिसली ते लिहिलं. पण ती चिठ्ठी वाचणाऱ्यानं पेशंटकडं बघायला पाहिजे होतं.

आता टाक्यांचं. डेंग्यूचा डास एडिस. काळा, पायावर पांढरे पट्टे, दिवसा चावतो, घरातल्या नाहीतर घराभोवतीच्या स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, बॅरल, टायर, फ्रीजमागचा ट्रे, करवंट्या. त्याच्यासाठी कोरडा दिवस पाळणं एकदम बरोबर. जेईचा डास क्युलेक्स, त्यातही मुख्य क्युलेक्स ट्रायटिनिओरिंकस आणि त्याच्या जवळचे विष्णुई गटातले. हा रानातला डास. भाताची खाचरं, पाटाकडेची डबकी, पाणकणसं वाढलेले पाणथळ तुकडे, तिथं वाढतो, दिवस मावळल्यावर बाहेर पडतो, अंधार पडल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत त्याचा जोर जास्त. घरात शिरायची त्याला फारशी हौस नाही, चावून झालं की झाडोऱ्यात जाऊन बसतो. म्हणजे गावातल्या बायकांनी शुक्रवारी सकाळी पाणी ओतून दिलं, आठवडाभर पाण्याची बोंब झाली, आणि ज्या डासानं हा आजार दिला तो दोन किलोमीटरच्या टापूत कुठंतरी खाचरात आरामात.

जेई कळल्यावर आम्ही कीटक समाहारकाला, म्हणजे डास-अळ्या पकडून ओळखणाऱ्या कर्मचाऱ्याला, घेऊन त्या रानात गेलो. भात निसवलेला, खाली घोट्याएवढं पाणी. पांढरी पळी पाण्यात तिरकी घालून एकदम उचलायची, की वर वळवळणाऱ्या अळ्या. ॲनोफेलिसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर आडवी पडते, क्युलेक्सची डोकं खाली करून तिरकी लोंबकळते, शेपटाकडची लांब श्वासनळी तेवढी वर टेकवून. पळीत बघितलं तर बहुतेक सगळ्या लोंबकळणाऱ्याच. संध्याकाळी गोठ्यापाशी बॅटरीच्या उजेडात तोंडानं ओढायच्या काचनळीनं मोठे डास पकडले. लहान, मातकट तपकिरी, आणि भिंगाखाली बघितलं की सोंडेच्या मधोमध एक फिकट कडं. ते कडं दिसलं की समाहारक नुसता मान हलवतो, बोलत नाही, त्याला पंचवीस वर्षं झालीत ह्या कामात.

पण नुसता डास असून भागत नाही. खाचर दरवर्षी असतं, डास दरवर्षी असतात, मग विषाणू येतो कुठनं? ह्या विषाणूचा खरा संसार चालतो पाणपक्षी आणि डुकरांच्यात. बगळे, वंचक, ज्याला आपण ढोकरी म्हणतो, हे खाचरातच चरतात. पक्ष्याच्या रक्तात विषाणू असला की डासाला तो मिळतो, डास डुकराला चावतो, आणि डुकराच्या रक्तात चार-दोन दिवस त्याची भरमसाट वाढ होते. तेवढ्या दिवसांत त्या डुकराला चावणारे पुष्कळ डास विषाणू उचलतात. डुकराला स्वतःला बहुतेक वेळा काही होत नाही, फार तर गाभण डुकरीण गाभडते नाहीतर मेलेली पिल्लं होतात. आणि डुकरं पटापट वितात, म्हणजे दर काही महिन्यांनी विषाणूला कधीच न भेटलेली नवीन पिल्लं तयार. डासाच्या पोटात गेल्यावर विषाणूला त्याच्या लाळेपर्यंत पोचायला आठवडा ते दोन आठवडे लागतात, हवा गरम असेल तर लवकर. त्यानंतर तो डास मरेपर्यंत ज्याला चावेल त्याला विषाणू देऊ शकतो. आणि हे सगळं फक्त मादीचं काम, तिला अंड्यांसाठी रक्त लागतं, नर बिचारा फुलातला रस पिऊन जगतो.

ह्या गावात ओढ्याकडेला, कचरा टाकतात तिथं, पंधरा-वीस मोकाट डुकरं होती. पेशंटच्या माळ्यापासनं सरळ रेषेत अर्धा किलोमीटर सुद्धा नाही. रानडुकरं तर रोज रात्री भुईमुगात. रानडुकरांत ह्या विषाणूची प्रतिपिंडं जपानमध्ये सापडलेली आहेत. इथल्या डुकरांचं रक्त त्यावेळी कुणी घेतलं नाही, त्यामुळं ह्याच डुकरामुळं झालं असं बोट दाखवून मी सांगणार नाही, पण खाचर, बगळे, डुकरं आणि रात्रभर उघड्यावर माणूस हे चारही एका हाकेच्या अंतरात होते.

एक गोष्ट मात्र मला ह्या केसमध्ये फार महत्त्वाची वाटली आणि केसपेपरवर ती कुठंच नव्हती. हे क्युलेक्स मुळात जनावराच्या रक्ताचे शौकीन. गाय-म्हैस शेजारी असली तर माणसाला सोडून तिला चावतील. आणि गुरांच्या रक्तात हा विषाणू डासाला परत मिळण्याइतका वाढत नाही, म्हणजे तिथं साखळी तुटते. आता ह्या गड्याची जनावरं कुठं? गावातल्या घरी. पूर्वी ती रानातल्या वस्तीवरच असायची, दोन वर्षांपूर्वी दूध संकलनाला सोयीचं म्हणून घरी आणली. म्हणजे खाचराच्या त्या कडेला डासाला रात्रभर एका जागी मिळणारं गरम रक्त एकच, माळ्यावरचा माणूस. ह्याचा अर्थ गुरं रानात ठेवा असा कुणी काढू नका, गुरांच्या रक्तावर डासांची पैदास पण वाढते आणि गोठ्यातच खाट टाकून झोपणारा माणूस उलट जास्त चावून घेतो. पण डास कुणाला चावतोय हे बघितल्याशिवाय नुसते डास मोजून काही कळत नाही.

मग बाकीचे राखणदार? त्या शिवारात तसे आठ-दहा जण रोज रात्री असतात, त्यांना का झालं नाही? बहुतेक काहींना विषाणू गेलाही असेल, पण विषाणू शिरलेल्यांपैकी शंभरात एकाला सुद्धा मेंदूज्वर होत नाही, साधारण अडीचशेत एक असं मानतात. बाकीच्यांना काहीच होत नाही नाहीतर दोन दिवस अंग मोडून येतं. चावल्यापासनं लक्षणं यायला ५ ते १५ दिवस. विषाणू आधी कातडीत, मग जवळच्या गाठींत वाढतो, थोडा वेळ रक्तात फिरतो आणि क्वचित कुणाच्या तरी मेंदूत शिरतो. तिथं चेतापेशी मरतात काही विषाणूमुळं आणि काही आपल्याच शरीराच्या सुजेमुळं. ज्यांना मेंदूज्वर होतो त्यांच्यातले शंभरातले ३० पर्यंत दगावतात आणि वाचलेल्यांतल्या बऱ्याच जणांना कायमचं काही ना काही राहतं. औषध असं नाही, विषाणूवर मारा करणारं काहीच नाही, झटके थांबवायचे, सूज उतरवायची, श्वास चालू ठेवायचा, नाकातल्या नळीनं पोटात घालायचं आणि वाट बघायची. हा बारा दिवस आयसीयूत होता, त्यातले पाच व्हेंटिलेटरवर.

तेवढ्यात गावात वेगळंच सुरू झालं. "मेंदूज्वर" शब्द पोचला आणि घरच्यांशी लोक लांबून बोलायला लागले, डेअरीत त्यांच्या किटलीचं दूध वेगळं ओतायचं असं ठरलं, बायको कपडे न्यायला गावी आली तर जावेनंच तिला ताट-वाटी वेगळी दिली. मी वडिलांना आणि चार माणसांना पारावर बसवून सांगितलं, "तात्या, ह्यो आजार माणसाकडनं माणसाला होतच नाही. माणसाच्या रक्तात विषाणू इतका थोडा आणि इतका कमी वेळ असतो की त्याला चावून डाससुद्धा दुसऱ्याला देऊ शकत नाही. थुंकी, उष्टं, दूध, कपडे, कशानंच नाही. साखळी माणसापाशी येऊन संपते." तात्या म्हणाले, "मग हिचं ताट येगळं कशाला ठिवलंय?" आणि बघितलं सुनेकडं, मोठ्या सुनेकडं. ती उठून आत गेली. दूध मात्र अजून आठवडाभर वेगळंच ओतलं जात होतं, ते मला नंतर कळलं. एकानं चांदीपुरा आहे का विचारलं, बातम्यांत ऐकलेलं. चांदीपुरा हा पण मेंदूज्वरच आणि आपल्याच राज्यातल्या, नागपूर जिल्ह्यातल्या गावाच्या नावाचा, १९६५ मध्ये सापडलेला, पण तो विषाणू वेगळ्या कुळातला, मुख्यतः वाळूमाशी पसरवते आणि लहान मुलांना चोवीस-अठ्ठेचाळीस तासांत गाठतो. इथं तो प्रश्न नव्हता.

उपायांच्या बाबतीत पहिली मागणी आली ती धुराच्या मशीनची. सरपंच म्हणाले दोन फेऱ्या मारा, लोकांना समाधान. धूर समाधानासाठी ठीक आहे, साथ असेल तर दिवस मावळताना उडणारे डास मारायला उपयोग पण होतो, पण सकाळी दहाला गावच्या मेन रोडवरनं मशीन फिरवली तर रानातल्या झाडोऱ्यात बसलेल्या क्युलेक्सला त्याचं काय? घरातल्या भिंतींवर फवारणीचं पण तसंच, डास भिंतीवर बसतच नाही. आम्ही दोन संध्याकाळी गावकुसाला आणि डुकरांच्या बाजूला धुरळणी केली, ते सरपंचांना पुरेसं वाटलं नाही.

खरं काम होतं पाण्याचं आणि डुकरांचं. खाचरात पाणी कायम कोंडून ठेवण्याऐवजी मधे-मधे रान सुकू द्यायचं, पाणी जिरलं की परत भरायचं, त्यामुळं अळ्या वाढून डास व्हायच्या आत मरतात. भाताचं नुकसान न होता हे करता येतं, फक्त फुलोऱ्यात पाणी तोडायचं नाही. शेतकऱ्यांना समजावताना मी डासाचं नाव पण काढलं नाही, पाणी आणि लाईट वाचते म्हटल्यावर दोघं-तिघं तयार झाले, बाकीचे "बघू पुढच्या साली" वाले. कायम पाणी असणाऱ्या दोन डबक्यांत गप्पी मासे सोडले. ओढ्यातली जलपर्णी ग्रामपंचायतीनं जेसीबी लावून काढली, ते काम चांगलं झालं. डुकरांच्या मालकाशी बोलणं सगळ्यात अवघड, कारण त्याचं पोट त्यावर आहे आणि गावातले काही जण तर नुसतं निमित्तच शोधत होते. डुकरं मारा असं आम्ही कुठंही म्हटलं नाही. वस्तीपासनं आणि खाचरापासनं लांब, बंदिस्त, संध्याकाळी जाळी पाडता येईल असा वाडा, एवढंच. त्याला जागा द्यायचा ठराव ग्रामसभेत दोनदा पुढं ढकलला गेला आणि लिहितोय तोपर्यंत झालेला नाही.

राखणदारांना मात्र पटलं. औषध भारलेल्या मच्छरदाण्या माळ्यावर टांगल्या, फुल बाह्यांचे शर्ट, उघड्या अंगाला डास पळवायचं मलम. एकानं तक्रार केली की मच्छरदाणीतनं डुकरं दिसत नाहीत. दुसरा म्हणाला, "दिसून तरी काय करतूयास, झोपलेला असतूस."

लसीबद्दल सगळ्यात जास्त फोन आले. थोडं मागचं सांगतो. भारतात ह्या आजाराचे पेशंट पहिल्यांदा ओळखले गेले ते १९५५ च्या सुमाराला वेल्लोरकडं, १९७३ ला पश्चिम बंगालमध्ये बांकुडा-बर्दवानला मोठी साथ आली आणि २००५ मध्ये गोरखपूरच्या पट्ट्यात हजाराच्या वर मृत्यू झाले, बहुतेक लहान मुलं. त्यानंतर २००६ पासनं जोखमीच्या जिल्ह्यांत मुलांना लस द्यायला सुरुवात झाली, पुढं ती नेहमीच्या लसीकरणात आली, ९ महिन्यांना एक डोस आणि १६ ते २४ महिन्यांत दुसरा. पण ही लस सरसकट सगळ्या जिल्ह्यांत नसते, जिथं केसेस सापडतात ते जिल्हे घेतात. आपल्याकडं आधी मुख्यतः विदर्भातले जिल्हे होते, २०२५ मध्ये पुणे, रायगड आणि परभणीत १ ते १५ वयाच्या मुलांसाठी मोहीम झाली. म्हणजे पुणे आलं म्हणून सांगलीत सगळ्यांनी घाबरून जायचं असं नाही, पण भाताचा पट्टा तालुक्याची हद्द बघून थांबत नाही हे पण खरं. आणि मला जास्त काळजी शिराळ्यापेक्षा खालची वाटते, वाळवा, पलूस, मिरजेकडं हजारो एकर रान क्षारपड होऊन पाणी धरून बसलंय, पाणकणसं माजलीत, बगळ्यांचे थवेच्या थवे. तिथं भात नाही म्हणून कुणी अळ्या बघायला जात नाही. ज्यांनी मुलांसाठी विचारलं त्यांना मी एवढंच सांगितलं की भारतात बनलेली लस खाजगीत मिळते, बालरोगतज्ज्ञांना विचारून घ्या, बंदी कुणाची नाही, पण लस घेतली म्हणून पोरगं उघड्यावर झोपवू नका. मोठ्यांना सरकारी कार्यक्रमात इथं लस नाही. लस टोचली म्हणून विषाणू शिवारातनं जात पण नाही, तो बगळ्यात आणि डुकरात राहतोच.

पेशंट महिनाभरानं घरी आला. शुद्धीवर, स्वतःच्या हातानं चहा पितो, पण कप दोन्ही हातांनी धरावा लागतो कारण उजवा हात थरथरतो. चाल आखूड, अंग ताठ, आवाज बारीक. चेहऱ्यावरचे स्नायू हलत नाहीत, पार्किन्सनच्या पेशंटसारखा चेहरा, थॅलॅमस आणि त्याच्या आसपासच्या भागांना मार बसला की जेईमध्ये हे दिसतं. बायकोनं मला विचारलं, "बोललं की उत्तर देत्यात, समदं कळतंय, पर तोंडावर रागबी न्हाई आन हासूबी न्हाई. माझ्यावर रुसल्यात का काय?" तिला समजावून सांगितलं की ते रुसलेले नाहीत, चेहरा हलवायची वायर ढिली झालीय, मनात सगळं आहे. पार्किन्सनची गोळी छोट्या डोसमध्ये सुरू केलीय, त्यानं थरथर थोडी कमी आहे, फिजिओथेरपीला आठवड्यातनं दोनदा मिरजेला जायचं तर एस्टीच्या वेळा जुळत नाहीत म्हणून शिराळ्यातच एकाकडं सोय केली. पहिल्या सहा महिन्यांत जेवढं सुधारेल तेवढं बरं, पुढं वेग मंदावतो, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवलंय.

भुईमूग निम्मा डुकरांनी खाल्ला. भात भावानं काढला. ऊस तोडीला अजून टोळी आली नाही, आणि खर्चाचा हिशेब काढला तर उसाचं बिल पुरणार नाही, म्हणून एका म्हशीचा सौदा चाललाय. झटक्याची गोळी डॉक्टर म्हणतील तोपर्यंत बंद करायची नाही हे मी तीनदा बजावलंय, कारण मधे चार दिवस संपली होती तर कुणी आणलीच नव्हती. पुढची तपासणी फेब्रुवारीत आहे, एमआरआय परत करायचा का ते तेव्हा ठरेल.